पार्किन्सन्स, अल्झायमर, एएलएस आणि स्टेम सेल: पैसे भरायच्या आधी काय समजून घ्यायचं आणि काय तपासायचं

घरात कुणाला पार्किन्सन्स म्हणजे कंपवात झाला, अल्झायमर निघाला किंवा एएलएस, म्हणजे स्नायू चालवणाऱ्या मज्जापेशी मरत जातात तो आजार, ज्याला आपल्याकडचे डॉक्टर एमएनडी पण म्हणतात, की थोड्याच दिवसांत कुठल्यातरी ग्रुपवर व्हिडिओ येतोच. स्टेम सेलचं इंजेक्शन घेतलं आणि आजोबा चालायला लागले. मग घरात चर्चा सुरू होते, एफडी मोडायची का, निफाडची जमीन विकायची का, मुंबईला जायचं का दिल्लीला. मी बायोटेक शिकले, पुण्यात काही वर्षं सेल कल्चरच्या लॅबमध्ये काम केलं, आता नाशिकला असते आणि आमच्या काकांनाच पार्किन्सन्स आहे, त्यामुळे या दोन्ही बाजू मला जवळून माहीत आहेत. म्हणून हे एकदा नीट, पायरीपायरीने लिहून काढतेय.

मुद्दा आधीच सांगते. स्टेम सेल म्हणजे स्वतःची संख्या वाढवू शकणाऱ्या आणि दुसऱ्या प्रकारच्या पेशी होऊ शकणाऱ्या पेशी. त्यांचं तंत्रज्ञान खरं आहे आणि खूप मोठं आहे, पण आजघडीला त्याचा सगळ्यात मोठा उपयोग लॅबमध्ये हे आजार समजून घ्यायला आणि औषधं शोधायला होतोय. मेंदूच्या या आजारांवर उपचार म्हणून ते आपल्याकडे फक्त मंजुरी असलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्ये देता येतं आणि तिथे पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. हे एवढं डोक्यात पक्कं बसलं तर पुढचं सगळं सोपं जातं.

पायरी १: आधी आजाराचं नाव पक्कं करा

हात थरथरतो म्हणजे पार्किन्सन्सच असं नाही. इसेन्शियल ट्रेमर नावाचा वेगळा प्रकार असतो, त्यात हात वापरताना जास्त थरथरतो, पार्किन्सन्समध्ये बहुतेक वेळा हात मांडीवर शांत ठेवलेला असताना. काही औषधांमुळेही पार्किन्सन्ससारखी लक्षणं येतात, चक्कर येते म्हणून वर्षानुवर्षं चालू ठेवलेली सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, मानसिक आजाराची काही औषधं. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद केली तर बऱ्याच जणांचं हळूहळू सुधारतं सुद्धा. पीएसपी, एमएसए हे पार्किन्सन्ससारखे दिसणारे पण वेगळे आजार आहेत. विसरण्याच्या बाबतीत तर आधी बी१२, थायरॉइड, डिप्रेशन, मेंदूत पाणी साचणं हे सगळं बघायलाच लागतं, कारण यावर इलाज आहे.

त्यामुळे न्यूरोलॉजिस्टकडे, आणि जमलं तर मूव्हमेंट डिसऑर्डर बघणाऱ्या न्यूरोलॉजिस्टकडे, एकदा निदान पक्कं करून घ्या. एक फाईल करा. त्यात पहिलं लक्षण कधी दिसलं, कुठल्या बाजूला, एमआरआयचा रिपोर्ट, लेव्होडोपा ही पार्किन्सन्सची मुख्य गोळी (सिंडोपा वगैरे) सुरू केल्यावर फरक पडला का आणि किती वेळ टिकतो, पडले का, गिळायला त्रास होतो का, घराण्यात अजून कुणाला होतं का आणि कितव्या वर्षी, हे सगळं तारखेसकट लिहा. पार्किन्सन्स असेल तर आठवडाभर ऑन-ऑफची डायरी ठेवा, म्हणजे गोळी लागू असताना हालचाल मोकळी असते ती वेळ ऑन आणि गोळी उतरल्यावर अंग जखडतं ती ऑफ. ही डायरी पुढे फार कामाला येते, का ते व्हिडिओंच्या भागात सांगते.

पायरी २: कुठल्या पेशींबद्दल बोलतायत ते विचारा

स्टेम सेल हा एकच शब्द चार वेगळ्या गोष्टींना वापरतात आणि सगळा गोंधळ तिथेच होतो.

एक म्हणजे बोन मॅरोमधल्या रक्त तयार करणाऱ्या पेशी. ल्युकेमिया, थॅलेसेमिया, अप्लास्टिक ॲनिमिया यांत बोन मॅरो ट्रान्सप्लांट होतो तो यांचा. हा मान्य उपचार आहे, जगभर आहे, भारतात पण आहे.

दुसऱ्या मेसेन्कायमल पेशी. या बोन मॅरोमधून, पोटाच्या चरबीतून, नाळेतून काढतात. यांच्यापासून हाड, कूर्चा, चरबी होऊ शकते. क्लिनिकवाले जे देतात ते बहुतेक वेळा या पेशी, नाहीतर बोन मॅरोमधून काढलेलं पेशींचं मिश्रण. शिरेतून दिल्या तर त्यातल्या बऱ्याचशा फुप्फुसातच अडकतात, आणि मेंदूत जाऊन त्यांचा डोपामिन (हालचालीसाठी लागणारं मेंदूतलं रसायन) तयार करणारा न्यूरॉन म्हणजे मेंदूची पेशी होते याला माणसांमध्ये पुरावा नाही. त्या सूज कमी करणारे काही पदार्थ सोडतात, म्हणून त्यांच्यावर संशोधन चालू आहे, तो वेगळा प्रामाणिक विषय आहे. पण "नवीन न्यूरॉन तयार होतात" असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे.

तिसऱ्या एम्ब्रियोनिक म्हणजे भ्रूणाच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेतल्या पेशी. माणसाच्या अशा पेशी लॅबमध्ये पहिल्यांदा वाढवल्या त्या १९९८ मध्ये, अमेरिकेत जेम्स थॉमसन यांच्या टीमने. यांच्यापासून शरीरातली कुठलीही पेशी तयार करता येते.

आणि चौथ्या आयपीएस पेशी, ज्यांच्यामुळे हे क्षेत्रच बदलून गेलं. जपानमधल्या क्योटो विद्यापीठात शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींमध्ये फक्त चार जीन्स घालून त्यांना परत भ्रूणासारख्या अवस्थेत नेऊन दाखवलं. २०१२ चं नोबेल त्यांना आणि जॉन गर्डन यांना मिळालं. म्हणजे आता पेशंटच्या हातावरच्या त्वचेच्या छोट्याशा तुकड्यापासून त्याच्याच जीन्सचे न्यूरॉन लॅबमध्ये वाढवता येतात. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा तर काढता येत नाही ना, म्हणून हे एवढं महत्त्वाचं.

नाळेचं रक्त साठवणाऱ्या प्रायव्हेट बँकांचं पण इथेच सांगते. मुलाच्या जन्माच्या वेळी घाबरवून जे पॅकेज विकतात त्यात पार्किन्सन्स-अल्झायमरची नावं घेतात, पण पुढे स्वतःलाच वापरायला म्हणून असं साठवून ठेवायची शिफारस आयसीएमआर (वैद्यकीय संशोधनाची केंद्र सरकारची संस्था) करत नाही.

पायरी ३: लॅबमध्ये नेमकं काय चालतं

हा भाग मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण तो कळला की कुठला दावा शक्य आहे आणि कुठला नाही ते आपलं आपल्याला ओळखता येतं.

सुरुवात सॅम्पलपासून. हातावर लोकल भूल देऊन तीन-चार मिलीमीटरचा त्वचेचा तुकडा घेतात किंवा साधं रक्त घेतात. लेखी संमती आणि एथिक्स कमिटीची मंजुरी असल्याशिवाय हे होत नाही. त्वचेच्या पेशी डिशमध्ये ३७ डिग्रीला इनक्युबेटरमध्ये वाढवतात. मग यामानाकांचे ते चार जीन्स आत घालायचे, ऑक्ट४, सॉक्स२, केएलएफ४ आणि सी-मिक. आजकाल त्यासाठी बरेचदा सेंडाय व्हायरस वापरतात कारण तो पेशीच्या डीएनएमध्ये घुसत नाही आणि नंतर आपोआप नाहीसा होतो. तीन-चार आठवड्यांनी डिशमध्ये गच्च, नीटस कडांच्या कॉलन्या दिसायला लागतात. त्या हाताने उचलून वेगळ्या वाढवायच्या, रोज मीडिया (पेशींचं खाद्य असलेलं द्रव) बदलायचा, रविवार असो की दिवाळी.

यानंतर तपासण्यांचा मोठा टप्पा. क्रोमोसोम नीट आहेत का, मायकोप्लाझ्माचं इन्फेक्शन नाही ना, पेशी खरंच सगळ्या प्रकारच्या होऊ शकतात का, आणि ही पेशी खरंच त्याच माणसाची आहे का. हे सगळं जमलं की लिक्विड नायट्रोजनमध्ये, उणे १९६ डिग्रीला साठवायच्या. एका पेशंटची एक चांगली लाइन, म्हणजे वाढत राहणाऱ्या पेशींचा साठा, तयार करायला महिने जातात. "सकाळी बोन मॅरो काढला, दुपारी लॅबमध्ये प्रोसेस केला, संध्याकाळी परत दिला" असं जिथे सांगतात तिथे यातलं काहीच झालेलं नसतं, हे लक्षात ठेवा.

मग या पेशींचे न्यूरॉन करायचे. गर्भात मेंदू तयार होताना जे सिग्नल मिळतात तेच सिग्नल ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या प्रमाणात डिशमध्ये द्यायचे. डोपामिनचे न्यूरॉन तयार व्हायला साधारण महिना-दोन महिने लागतात. २०१३ पासून ऑर्गनॉइड पण करतात, म्हणजे वाटाण्याएवढा मेंदूच्या पेशींचा गोळा, त्यात वेगवेगळ्या पेशी थरांत मांडल्या जातात. त्याला मिनी ब्रेन म्हणतात पण तो विचार वगैरे काही करत नाही.

आता याचा उपयोग बघा. २००८ मध्ये अमेरिकेत एएलएस असलेल्या ८२ वर्षांच्या बाईंच्या त्वचेपासून मोटर न्यूरॉन तयार केले. त्या वयात, त्या आजारात, पेशी मागे नेता येतात हे तेव्हा सिद्ध झालं. मग पेशंटचे न्यूरॉन आणि निरोगी माणसाचे न्यूरॉन शेजारी ठेवून बघायचं कुठे बिघडतं. अजून पक्कं करायचं तर क्रिस्परने (जीन कापून बदलायचं तंत्र) पेशंटच्या पेशीतला फक्त तो एक जीन दुरुस्त करायचा, बाकी सगळं तेच, आणि मग दोन्हींची तुलना करायची. शेकडो औषधं अशा न्यूरॉनवर टाकून बघता येतात. जपानमध्ये केओ विद्यापीठात एएलएस पेशंटच्या न्यूरॉनवर अशीच औषधं तपासताना रोपिनिरोल सापडलं, जे पार्किन्सन्समध्ये आपल्याकडे कित्येक जण आधीपासून घेतायत, आणि मग त्याची २० एएलएस पेशंटवर छोटी ट्रायल झाली. एएलएसचं मान्य औषध म्हणून ते अजून आलेलं नाही, पण बाजारातल्याच जुन्या गोळीचा नवा उपयोग डिशमध्ये सापडू शकतो हे किती मोठं आहे.

एक अभ्यास नाशिकच्या लोकांनी आवर्जून माहीत करून घ्यावा असा आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पार्किन्सन्सचा एक जनुकीय बदल असलेले आणि तोच बदल दुरुस्त केलेले न्यूरॉन शेजारी ठेवले आणि दोन्हींवर पॅराक्वाट, मॅनेब, रोटेनोन ही शेतीची रसायनं अगदी कमी प्रमाणात टाकली. बदल असलेल्या न्यूरॉनना जास्त इजा झाली. म्हणजे घराण्यातला धोका आणि फवारणीचा धोका एकमेकांना वाढवतात हे पेशीच्या पातळीवर दिसलं. पॅराक्वाट तणनाशक म्हणून आपल्याकडे मिळतं, मॅनेब तर द्राक्षावर मारतो त्या मॅन्कोझेबच्याच कुळातलं. दिंडोरी, पिंपळगाव, ओझरकडचे आपले लोक उघड्या तोंडाने, हातमोजे न घालता ब्लोअर चालवताना मी दरवर्षी बघते आणि खरंच काळजी वाटते. फवारणी केली म्हणजे पार्किन्सन्स होतोच असं अजिबात नाही, पण मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि घरी आल्यावर लगेच आंघोळ, ही गोष्ट आज फुकटात करता येण्यासारखी आहे.

लॅबच्या पद्धतीला मर्यादा पण आहेत. पेशी मागे नेल्या की त्यांचं वय पण मागे जातं, म्हणजे सत्तरीच्या माणसाच्या त्वचेपासून केलेला न्यूरॉन वयाने गर्भातला असतो, आणि हे आजार तर म्हातारपणाचे. डिशमध्ये रक्तवाहिन्या नसतात, शरीर नसतं. त्यामुळे डिशमध्ये चाललेलं औषध माणसात चालेलच असं नाही.

पायरी ४: उपचार कुठवर पोचलाय, आजारानुसार

सगळ्यात पुढे पार्किन्सन्स आहे आणि त्याला कारण आहे. मेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा नावाच्या एका ठिकाणच्या, एकाच प्रकारच्या, डोपामिन तयार करणाऱ्या पेशी जातात आणि हालचालीची मुख्य लक्षणं त्यातून येतात. म्हणजे एका जागी एकाच प्रकारच्या पेशी पोचवायच्या आहेत. याची सुरुवात १९८७ ला स्वीडनमध्ये लुंडला झाली, गर्भातल्या मेंदूच्या पेशी वापरून. काही पेशंटना वर्षानुवर्षं फायदा झाला, पण २००१ आणि २००३ मध्ये अमेरिकेतल्या नीट तुलना केलेल्या ट्रायलमध्ये अपेक्षित फरक दिसला नाही आणि काहींना गोळी नसतानाही अंग वेडंवाकडं हलायचा त्रास सुरू झाला. पुढे २००८ मध्ये अजून एक गोष्ट कळली, दहा-पंधरा वर्षांपूर्वी लावलेल्या काही पेशींमध्येही पार्किन्सन्सच्या खुणा, लेवी बॉडी, दिसल्या. म्हणजे आजूबाजूचा आजार नव्या पेशींतही पोचू शकतो.

आपल्या द्राक्षबागायतदारांना हे पटकन कळेल. डॉगरिजच्या खुंटावर कलम करताना काडी चांगली असून भागत नाही, वेळ, वय, ओलावा, बांधणी सगळं जमलं तरच कलम धरतं, आणि धरलं तरी मातीतला रोग असेल तर तो सोडत नाही.

२०२५ मध्ये एप्रिलला दोन महत्त्वाचे निकाल आले. क्योटोत जून ताकाहाशी यांच्या टीमने निरोगी डोनरच्या आयपीएस पेशींपासून केलेल्या डोपामिनच्या पूर्वपेशी सात पेशंटच्या मेंदूत दोन्ही बाजूंना ऑपरेशन करून सोडल्या, शरीराने त्या नाकारू नयेत म्हणून १५ महिने टॅक्रोलिमस दिलं आणि दोन वर्षं पाहिलं. गंभीर दुष्परिणाम नाहीत, ट्यूमर नाही, आणि परिणाम मोजलेल्या सहापैकी चार जणांचा ऑफ अवस्थेतला हालचालीचा स्कोअर सुधारला. दुसरी ट्रायल अमेरिका-कॅनडातली, ब्लूरॉक कंपनीची, एम्ब्रियोनिक पेशींपासून केलेल्या न्यूरॉनच्या पूर्वपेशी, १२ पेशंट, दीड वर्ष, तिथेही सुरक्षितता चांगली दिसली. हे वाचून मला मनापासून आनंद झाला, लॅबमधल्या माणसांची वीस वर्षं त्यात आहेत. पण आकडे बघा, सात आणि बारा. आणि या दोन्ही ट्रायलमध्ये खोट्या ऑपरेशनशी तुलना नव्हती, ती मोठ्या ट्रायलमध्ये करावी लागते. शिवाय यात कवटीला छोटी भोकं पाडून मेंदूच्या आत नेमक्या जागी पेशी ठेवतात. कंबरेतून इंजेक्शन आणि संध्याकाळी घरी, असं यात काही नाही.

एएलएस अवघड आहे. मोटर न्यूरॉनचा धागा कंबरेपासून पायापर्यंत, जवळजवळ मीटरभर लांब असतो, नवीन न्यूरॉनने एवढं अंतर वाढून बरोबर स्नायूला जोडून घ्यायचं हे आज माणसात शक्य नाही. म्हणून तिथे मेसेन्कायमल पेशींनी उरलेले न्यूरॉन वाचवता येतात का हे बघतात. नुरओन (NurOwn) नावाच्या अशा एका उपचाराची मोठी ट्रायल ठरवलेलं उद्दिष्ट गाठू शकली नाही आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या सल्लागार समितीत जवळजवळ सगळ्यांनी विरोधात मत दिलं, पुढच्याच महिन्यात कंपनीने अर्ज मागे घेतला. या आजारात घरच्यांची घालमेल काय असते ते मी पाहिलंय, वेळ कमी असतो, आणि म्हणूनच त्यांना सगळ्यात जास्त फसवलं जातं.

अल्झायमरमध्ये मेंदूचे अनेक भाग, अनेक प्रकारच्या पेशी आणि त्यांच्यातली जोडणी जाते, आठवणी त्या जोडणीत असतात, त्यामुळे पेशी बदलून काम होईल असं सध्या तरी नाही. तिथे स्टेम सेलचा उपयोग मुख्यतः आजार अभ्यासायला.

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा वेगळा विषय आहे. तिथे रक्ताच्या स्टेम सेल परत देतात पण त्या मेंदू दुरुस्त करायला नसतात, बिघडलेली प्रतिकारशक्ती किमोथेरपीने घालवून ती नव्याने उभी करायला असतात, आणि ते निवडक पेशंटमध्येच करतात. त्याचं उदाहरण देऊन पार्किन्सन्सचा उपचार कुणी विकत असेल तर तिथून उठून या.

पायरी ५: क्लिनिकने ऑफर दिली तर

आयसीएमआर आणि डीबीटी म्हणजे केंद्राचा बायोटेक्नॉलॉजी विभाग, यांच्या २०१७ च्या गाइडलाइन्स स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांमधला ट्रान्सप्लांट सोडला तर बाकी सगळा स्टेम सेलचा वापर संशोधनच, आणि तो मंजूर ट्रायलमध्येच. २०१९ च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्सप्रमाणे लॅबमध्ये प्रक्रिया केलेली स्टेम सेल उत्पादनं नवीन औषधात मोडतात, म्हणजे डीसीजीआयची, देशाच्या औषध नियंत्रकांची, मंजुरी लागते.

म्हणून फोनवरच विचारा, ही ट्रायल आहे का, सीटीआरआय नंबर (ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, पायरी ६ बघा) काय, डीसीजीआयचं मंजुरीपत्र बघायला मिळेल का, एथिक्स कमिटी कुठली, पेशी कुठल्या आणि किती, कुठल्या मार्गाने देणार, याआधी दिलेल्या पेशंटचे निकाल कुठल्या जर्नलमध्ये आलेत. आणि किती पैसे? पैसे मागितले की बाकीची उत्तरं कितीही गोड असली तरी थांबा. "पॅकेज", "तीन सेशन", "आज बुक केलं तर सूट", "ऐंशी टक्के पेशंट बरे" ही भाषा ट्रायलची नसते. एकच इंजेक्शन ऑटिझम, गुडघेदुखी, डायबेटिस आणि पार्किन्सन्स सगळ्यांवर चालतं म्हणत असतील तर अजून काय विचारायचं. आता काही ठिकाणी स्टेम सेल शब्द टाळून एक्सोझोम (पेशींनी बाहेर सोडलेले सूक्ष्म कण) म्हणतात, त्याला पण हेच प्रश्न.

नुकसान फक्त पैशाचं असतं असंही नाही. २००९ मध्ये एका मुलाचं प्रकरण प्रसिद्ध झालं, त्याला रशियात गर्भातल्या न्यूरल स्टेम सेल दिल्या होत्या आणि काही वर्षांनी मेंदूत आणि मणक्यात त्या डोनरच्याच पेशींच्या गाठी निघाल्या. २०१६ मध्ये स्ट्रोकच्या एका पेशंटचं, वेगवेगळ्या देशांत जाऊन इंजेक्शनं घेतलेली, मणक्यात दुसऱ्याच्या पेशींची गाठ वाढत गेली. शिवाय एकदा असा उपचार घेतला की पुढे खऱ्या ट्रायलमध्ये बहुतेक वेळा घेत नाहीत, कारण आधीच्या पेशींचा परिणाम वेगळा काढता येत नाही. हे क्लिनिकवाले सांगत नाहीत.

आता व्हिडिओ. पार्किन्सन्सचा पेशंट ऑफमध्ये असताना शूट केला, पाय जमिनीला चिकटल्यासारखे, आणि तासाभराने गोळी लागू झाल्यावर परत शूट केला की चमत्कार दिसतो, कुठलंही इंजेक्शन न देता. तुमच्या ऑन-ऑफ डायरीत हा फरक तुम्हाला रोज दिसेल. आणि दुसरं, पार्किन्सन्समध्ये प्लासिबोचा परिणाम खरा असतो. बरं वाटणार या नुसत्या अपेक्षेने मेंदूत डोपामिन सुटतं हे २००१ मध्ये पेट स्कॅनवर दिसलंय. म्हणजे व्हिडिओतला पेशंट खोटं बोलत नसतो, त्याला काही आठवडे खरंच बरं वाटलेलं असतं.

पायरी ६: सीटीआरआयवर स्वतः शोधा

क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाची वेबसाइट फुकट आहे, लॉगिन लागत नाही. सर्चमध्ये आजाराचं इंग्रजी नाव टाका, सोबत स्टेम सेल टाका. प्रत्येक नोंदीला सीटीआरआयने सुरू होणारा, वर्ष आणि महिना असलेला नंबर असतो. उघडल्यावर या गोष्टी बघा: डीसीजीआय क्लिअरन्सच्या रकान्यात काय लिहिलंय, एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाली का नुसती सादर केली, कोण पैसे देतंय, किती पेशंट, तुलनेचा गट आहे का, कुठल्या शहरात, आणि भरती चालू आहे का संपली. नोंदणी ट्रायल सुरू व्हायच्या आधी झाली का नंतर हे पण तिथेच कळतं.

एक गोष्ट नीट समजून घ्या, सीटीआरआयवर नंबर असणं म्हणजे सरकारची मंजुरी नाही, ती फक्त नोंद आहे. क्लिनिकवाले नंबर दाखवून मान्यताप्राप्त म्हणतात. तो नंबर स्वतः टाकून बघा, कधी दुसऱ्याच आजाराची ट्रायल निघते, कधी वर्षांपूर्वी बंद झालेली. अमेरिकेच्या क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हचं पण तसंच, तिथेही पेशंटकडून पैसे घेणाऱ्यांच्या नोंदी सापडतात. प्रिंटआउट काढून आपल्या न्यूरोलॉजिस्टला दाखवा, पाच मिनिटांत सांगतील.

पायरी ७: ट्रायलमध्ये जायचं ठरलं तर

माहितीपत्रक मराठीत मागा, पेशंटला समजणाऱ्या भाषेत देणं बंधनकारक आहे. घरी आणा, दोघा-तिघांनी वाचा, सही त्याच दिवशी करायची घाई नको. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईचा नियम आहे, तो परिच्छेद शोधून वाचा. तुलनेच्या गटात गेलात तर पेशी मिळणारच नाहीत हे घरच्यांनी आधी मान्य करायला हवं. आणि कधीही बाहेर पडता येतं, त्याने तुमचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. विसरण्याचा आजार असेल तर संमती कोण देणार हे आधीच ठरवा, पेशंटला कळतंय तोवरच त्यांची इच्छा विचारून घ्या.

नाशिकहून जाण्यायेण्याचा पण विचार करा. ट्रायल म्हणजे एक ऑपरेशन आणि संपलं असं नसतं, दोन-दोन वर्षं ठरलेल्या तारखांना तपासणी, स्कॅन. मुंबईला असेल तर नाशिकरोडहून सकाळची पंचवटी आहे, पण ऑफमध्ये असलेल्या माणसाला गाडीत चढवणं-उतरवणं किती कठीण ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. प्रवासखर्च देणार का हे विचारायला लाजू नका.

पायरी ८: आपण संशोधनाला काय देऊ शकतो

हे फार कुणी सांगत नाही आणि मला सगळ्यात जवळचं वाटतं. जगातल्या बहुतेक आयपीएस लाइन्स युरोप-अमेरिका-जपानच्या लोकांच्या आहेत. पार्किन्सन्सचा एलआरआरके२ जीनमधला जी२०१९एस हा बदल बाहेर काही समाजांत बऱ्यापैकी सापडतो, भारतीय पेशंटमध्ये फार क्वचित. म्हणजे त्यांच्या पेशींवरून काढलेलं सगळं आपल्याला तसंच लागू होईल असं नाही. बेंगळुरूला निम्हान्स हे मेंदू-मनाच्या आजारांचं हॉस्पिटल आणि एनसीबीएस, इनस्टेम या संशोधन संस्था यांनी मिळून मानसिक आजार आणि डिमेन्शिया असलेल्या भारतीय कुटुंबांच्या स्टेम सेल लाइन्स करायचं मोठं काम केलंय. घराण्यात दोन-तीन जणांना आजार असेल किंवा पन्नाशीच्या आत सुरू झाला असेल तर अशा संशोधनाला तुमचं रक्ताचं सॅम्पल फार मोलाचं असतं. न्यूरोलॉजिस्टना विचारा, कुठे अभ्यास चालू आहे का. पुण्याचं एनसीसीएस ही संशोधन संस्था आहे, तिथे पेशंट तपासत नाहीत, उगाच फाईल घेऊन जाऊ नका.

निम्हान्समध्ये ब्रेन बँक पण आहे, मृत्यूनंतर मेंदू दान करता येतो. नाशिकहून काही तासांत ते जमेल का हे आधीच फोन करून विचारायला लागेल.

पायरी ९: तोवर आज काय करायचं

पार्किन्सन्समध्ये गोळीची वेळ मिनिटाने पाळा, डाळ-दूध-पनीर असं प्रोटीन गोळीसोबत घेतलं तर काहींना गोळी कमी लागू होते, अंतर ठेवून बघा. खाजकुईलीच्या बियांमध्ये खरंच लेव्होडोपा असतं, म्हणून ती पावडर घेत असाल तर न्यूरोलॉजिस्टना सांगाच, नाहीतर डोस जास्त होऊ शकतो. गोळ्यांनी भागेनासं झालं तर डीबीएस ऑपरेशनबद्दल (मेंदूत बारीक तारा बसवून सौम्य करंट देतात) विचारा, ते सिद्ध झालेलं आहे, स्टेम सेलच्या नादात त्याची योग्य वेळ जाऊ देऊ नका. रोजचा व्यायाम, चालणं, फिजिओथेरपी. एएलएसमध्ये रिलुझोल आणि श्वासासाठी रात्रीचं बायपॅप (मास्कमधून हवा देणारं मशीन) वेळेत सुरू करणं याने खरा फरक पडतो.

पार्किन्सन्स २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये आहे, दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार पण आहेत. यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या पोर्टलवर अर्ज करा, तपासणी त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये. पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईची पीडीएमडीएस ही मंडळी पेशंट आणि घरच्यांसाठी चांगलं काम करतात, त्यांच्याशी बोला.

आणि कुणी आधीच इंजेक्शन घेऊन आलं असेल तर त्यांना बोल लावू नका, प्रेमापोटी केलेलं असतं. डिस्चार्ज कार्ड, बिलं, पेशी कुठल्या होत्या, किती, कुठून दिल्या, बॅच नंबर, हे सगळं क्लिनिककडून लेखी मागून फाईलला लावा आणि न्यूरोलॉजिस्टना दाखवा. ताप, मान आखडणं, खूप डोकेदुखी, पायात नवीन अशक्तपणा किंवा लघवीवरचा ताबा जाणं असं काही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, आणि एमआरआय परत कधी करायचा ते विचारून तारीख लिहून ठेवा. तक्रार करायची असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आणि राज्याच्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) लेखी करता येते, त्यासाठीही हीच कागदपत्रं लागतात.